माथेरानची शांतता कोणी राखली?

माथेरानला जाऊन आलेल्या कोणालाही तिथले काय आवडले ते विचारून पाहा. सनसेट पॉइंट, शार्लोट तलाव, घोडे, चिक्की अशी नावे निघतात आणि शेवटी प्रत्येक जण एकच गोष्ट सांगतो, "तिथे गाड्या नाहीत ना, म्हणून जिवाला बरं वाटतं." हॉर्न नाही, धूर नाही, मुलांचा हात घट्ट धरून रस्ता ओलांडण्याची घाई नाही. तांबड्या मातीच्या वाटा, दोन्ही बाजूंनी दाट झाडी आणि आपल्याच पावलांचा आवाज. एवढ्यासाठी माणसे मुंबई-पुण्याहून तिथे जातात.

आता थोडा विचार करू. लोणावळा-खंडाळा याच सह्याद्रीत आहे, उंचीतही फार मोठा फरक नाही आणि मुंबईपासूनचे अंतरही साधारण तेवढेच. तिथेही एके काळी अशीच झाडी आणि असाच गारवा होता. आज सुट्टीच्या दिवशी तिथे गाड्यांच्या रांगेत तास जातात. मग माथेरान वेगळे कसे राहिले? डोंगर, पाऊस आणि हवा दोन्हीकडे सारखीच. वेगळे आहेत ते माणसांनी वेळोवेळी घेतलेले निर्णय, आणि त्या निर्णयांचे ओझे रोज वाहणारे हात. माथेरानचा इतिहास वाचताना हीच गोष्ट मनात राहते. आपल्याला आवडलेली शांतता कोणीतरी राखली आहे आणि तिची किंमतही कोणीतरी मोजत आले आहे. ते कोण, हे पाहुणा म्हणून जाण्याआधी आपल्याला ठाऊक असावे, म्हणून हा लेख.

साहेबाच्या आधीचे रान

माथेरान रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात आहे. उंची सुमारे ८०० मीटर. वरचा माथा सपाट, जांभ्या दगडाचा, आणि चारही बाजूंना कडे. माथ्यावरचे रान ते माथेरान, अशी नावाची साधी फोड केली जाते. नाव मराठी आहे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण माथेरानचा ‘शोध’ १८५० साली एका इंग्रज अधिकाऱ्याने लावला असे बहुतेक ठिकाणी लिहिलेले असते. ज्या जागेला आधीपासून नाव आहे, तिचा शोध कसा लागेल?

या डोंगराच्या अंगाखांद्यावर आणि पायथ्याच्या वाड्यांतून ठाकर, कातकरी आणि धनगर राहत होते. कुठल्या घळीतून वर चढता येते, कोणत्या झऱ्याला उन्हाळ्यातही पाणी असते, कोणत्या महिन्यात हिरडा गोळा करायचा आणि कोणत्या महिन्यात मध, हे त्यांना पाठ होते. तलावाकाठचा पिसारनाथ हे माथेरानचे ग्रामदैवत. आजही जुने माथेरानकर बाहेरगावी जाताना पिसारनाथाला हात जोडून निघतात. पॉइंटची नावे पुढे इंग्रजी झाली, लुईसा, अलेक्झांडर, पॅनोरमा, वन ट्री हिल. देवाचे आणि गावाचे नाव मात्र रानातल्या माणसांनी ठेवलेलेच राहिले.

मे १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट याचा मुक्काम पायथ्याच्या चौक गावाजवळ होता. आज जिला वन ट्री हिल म्हणतात त्या बाजूच्या घळीने तो वर चढला आणि रामबागेच्या वाटेने खाली उतरला. कोकणातल्या मे महिन्याच्या उकाड्यातून आलेल्या त्या माणसाला वरचा गारवा आणि सावली पाहून काय वाटले असेल, याची कल्पना आपण करू शकतो. तो पुन्हा आला आणि त्याने वर घर बांधले. त्या घराचे नाव ‘द बाईक’. त्याच्यामागून इतर अधिकाऱ्यांनी घरे बांधली. १८५५ मध्ये मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन माथेरानला आला आणि तेव्हापासून या रानाला ‘हिल स्टेशन’ म्हणून आकार येऊ लागला. वाटा आखल्या गेल्या, बंगल्यांच्या जागा ठरल्या.

याच सुमारास खाली दुसरी गोष्ट घडत होती. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे आगगाडी सुरू झाली आणि १८५६ पर्यंत रूळ नेरळवरून पुढे खोपोलीपर्यंत पोहोचले. म्हणजे मुंबईचा माणूस काही तासांत नेरळला उतरू शकत होता. तिथून पुढे मात्र चढण. ज्याच्याकडे पैसे होते तो घोड्यावरून किंवा पालखीतून वर जाई. ज्याच्या खांद्यावर ती पालखी असे, तो पायी जाई. माथेरानच्या इतिहासात हे चित्र पुढेही पुन्हा पुन्हा दिसते. एकाचा विसावा दुसऱ्याच्या खांद्यावर.

इंग्रजांच्या मागोमाग मुंबईचे पारशी, बोहरी आणि गुजराती व्यापारी आले. त्यांचे बंगले, लांबरुंद व्हरांडे, जुन्या झाडांच्या सावलीतली फाटके आजही दिसतात. डॉ. जे. वाय. स्मिथ यांनी माथेरानवर लिहिलेले इंग्रजी पुस्तक १८७१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या नावातच इथली माणसे, वनस्पती आणि प्राणी या तिघांचा उल्लेख आहे. दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या साहेबाला एवढे कळले होते, की हा डोंगर म्हणजे नुसता देखावा नव्हे. तिथे तिघांची वस्ती आहे.

पीरभॉय बापलेकांची गाडी

माथेरानला आज जी छोटी गाडी जाते, ती सरकारने बांधलेली नाही. मुंबईचे दाऊदी बोहरा व्यापारी सर आदमजी पीरभॉय यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी ती बांधायला घेतली आणि वडिलांनी पैसा पुरवला. १९०४ मध्ये काम सुरू झाले आणि २२ मार्च १९०७ रोजी गाडी लोकांसाठी खुली झाली. खर्च आला सुमारे १६ लाख रुपये. त्या काळचे सोळा लाख म्हणजे केवढी रक्कम, याचा हिशेब घर चालवणाऱ्या बायकांना वेगळा सांगायला नको.

या गाडीचे रूळ अवघे दोन फूट अंतराचे आहेत. नेरळ ते माथेरान हे सुमारे २१ किलोमीटरचे अंतर ती डोंगराला वळसे घालत, दोन-अडीच तासांत हळूहळू कापते. वाटेत जुम्मापट्टी, वॉटर पाईप आणि अमन लॉज ही स्थानके लागतात. एकच बोगदा आहे, तोही इतका लहान की आत शिरलो म्हणेपर्यंत बाहेर पडतो. तिची चाल बघून मुले हसतात. पण डोंगर उभा फोडून सरळ रस्ता न काढता, डोंगराच्या कलाने वळत वळत वर जाण्याचा हा मार्ग होता, म्हणून त्याने रान फारसे मोडले नाही. गाडी लहान, तिचे डबे लहान, त्यामुळे एका वेळी वर येणारी माणसेही मोजकीच. गाव किती पाहुणे सांभाळू शकेल याचे माप जणू त्या गाडीनेच घालून दिले.

त्याच काळात, १९०५ मध्ये, माथेरानला नगरपालिका मिळाली. एवढ्याशा डोंगरमाथ्याला स्वतःची पालिका, म्हणजे पाणी, रस्ते, दिवाबत्ती आणि झाडे यांचे निर्णय गावातच घेण्याची सोय झाली.

पावसाने या गाडीची परीक्षा अनेकदा पाहिली. दर पावसाळ्यात नेरळपासूनची गाडी बंद ठेवावी लागते. २६ जुलै २००५ च्या महापुरात रूळ वाहून गेले. ती पुन्हा सुरू झाली २००७ मध्ये, म्हणजे तिच्या शंभराव्या वर्षी. २०१९ च्या पावसात मार्ग पुन्हा उखडला आणि नेरळहून थेट गाडी सुरू व्हायला २२ ऑक्टोबर २०२२ उजाडले. मधली तीन वर्षे अमन लॉज ते माथेरान एवढ्या छोट्या टप्प्यावरची फेरीच काय ती गावाचा आधार होती. पाहुण्यांसाठी ही गाडी मौज असेल, गावासाठी ती रोजची वाट आहे.

या गावाचा मुलगा

शांत गाव म्हटले की आपल्याला वाटते, इथे काही घडत नसेल. माथेरानच्या बाजारपेठेत हुतात्मा भाई कोतवालांचे नाव दिसते, तेव्हा पर्यटक फोटो काढून पुढे जातात. थोडे थांबून ते नाव वाचायला हवे.

विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानमध्ये, एका गरीब नाभिक कुटुंबात झाला. साहेबांच्या आणि शेठजींच्या विसाव्यासाठी वसलेल्या गावात, सेवा करणाऱ्यांच्या घरातला हा मुलगा. तो शिकला, वकील झाला आणि परत आपल्याच मुलखात आला. खालच्या गावांतील कुळे आणि आदिवासी सावकारीने पिचलेले होते. त्यांच्यासाठी कोतवालांनी धान्याची कोठारे उभी केली, खेड्यांत शाळा काढल्या. ज्या गावात त्यांचे वाडवडील पाहुण्यांची कामे करत होते, त्या माथेरानच्या नगरपालिकेचे ते उपाध्यक्ष झाले.

१९४२ च्या ‘चले जाव’ आंदोलनात ते भूमिगत झाले. त्यांच्या ‘आझाद दस्त्या’ने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. सरकारने त्यांच्यावर बक्षीस लावले. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांनी त्यांच्या तुकडीला वेढले आणि त्या चकमकीत भाई कोतवाल आणि त्यांचे सहकारी हिराजी पाटील यांना वीरमरण आले. कोतवाल तेव्हा अवघे तीस वर्षांचे होते.

हे इथे मुद्दाम लिहिले, कारण आपण एखाद्या गावाला ‘शांत’ म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा तिथल्या माणसांकडे आपले लक्षच गेलेले नसते. आपल्याला चहा आणून देणारा, बॅग उचलणारा, घोड्याचा लगाम धरून चालणारा यांच्या घरांना इतिहास असतो आणि त्यांच्या मुलांना स्वप्ने असतात. माथेरानने हे एकदा सगळ्या महाराष्ट्राला दाखवून दिले आहे.

बंदी, आणि तिच्यामागचा कायदा

माथेरानमध्ये मोटारींना बंदी आहे. नेरळहून घाटरस्त्याने येणारी वाहने दस्तुरी नाक्याला थांबतात. तिथून पुढे गावात जायला सुमारे अडीच-तीन किलोमीटर. पायी, घोड्यावर किंवा अमन लॉजहून छोट्या गाडीने. रुग्णवाहिका, आगीचा बंब आणि मोजक्या ई-रिक्षा यांचा काय तो अपवाद.

स्वातंत्र्यानंतर मोटारी वाढल्या, पैसा वाढला, तेव्हा ही बंदी उठवावी असा विचार कोणाच्या मनात आला नसेल असे नाही. जिथे गाडी जाते तिथे जमिनीचा भाव वाढतो, हे साधे गणित आहे. पण गावकरी आणि पर्यावरणासाठी झटणाऱ्या संस्था यांनी हा प्रश्न लावून धरला. ४ फेब्रुवारी २००३ रोजी केंद्र सरकारने माथेरान आणि भोवतालचा सुमारे २१४.७३ चौरस किलोमीटरचा परिसर पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. माथेरान गाव या क्षेत्राचा लहानसा तुकडा आहे. बाकी सगळे भोवतालचे डोंगर, जंगल आणि वाड्या. गाव वाचवायचे तर त्याच्या पायथ्याचे रानही वाचले पाहिजे, हा त्यामागचा अर्थ.

हे रान म्हणजे नुसती हिरवळ नव्हे. जांभूळ, अंजन, हिरडा, पिसा अशा झाडांची दाटी आहे. नशीब असेल तर फांद्यांवरून उड्या मारणारे शेकरू दिसते. पावसाळ्याच्या तोंडावर भल्या पहाटे शीळकरी कस्तुराची शीळ ऐकू येते. गाडीचा हॉर्न असता तर ही शीळ कोणाच्या कानावर पडली असती?

भोवतालच्या डोंगरांचे एक दुःखही सांगायला हवे. माथेरानच्या दक्षिण टोकावरून इर्शाळगड दिसतो, त्याचे सुळके फोटोत फार देखणे येतात. १९ जुलै २०२३ च्या रात्री त्याच्याच अंगावरच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली आणि झोपेतली ठाकरांची घरे गाडली गेली. आपण ज्याला देखावा म्हणतो, तिथे कोणाचे तरी अंगण असते.

भाजीच्या टोपलीपासून सिलिंडरपर्यंत

आता घरच्या नजरेने पाहू. आपल्या स्वयंपाकघरात दूध, भाजी, पीठ, गॅस हे सगळे दारापर्यंत येते. माथेरानच्या घरात यांतली प्रत्येक वस्तू दस्तुरी नाक्यापर्यंत टेम्पोने येते आणि पुढे घोड्याच्या पाठीवर, हातगाडीवर किंवा माणसाच्या डोक्यावर. तांदळाचे पोते, तेलाचे डबे, सिमेंट, विटा, गाद्या, कपाट आणि भरलेला सिलिंडरसुद्धा. तिथे भाजी चार पैसे महाग मिळाली की आपण कुरकुरतो. त्या चार पैशांत कोणाची तरी तीन किलोमीटरची चाल असते.

पाण्याचेही तसेच. माथेरानला वर्षाला साधारण पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. ऐकणाऱ्याला वाटेल, मग पाण्याला काय तोटा? पण जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही. पडलेले पाणी झिरपून कड्यांवरून खाली कोसळते. म्हणून शार्लोट तलाव जपावा लागतो आणि खालून नेरळच्या बाजूनेही पाणी वर चढवावे लागते. हॉटेलात नळ सोडून दात घासणाऱ्या पाहुण्याला हे कोणी सांगत नाही.

२०११ च्या जनगणनेत माथेरानची लोकसंख्या ४,३९३ होती, २००१ मध्ये ती ५,१३९ होती. म्हणजे दहा वर्षांत गाव लहान झाले. याची कारणे अनेक असतील, पण आजारी माणसाला खाली न्यायचे तर केवढी यातायात, मुलांना शाळेत पाठवायचे तर रोज किती चाल, हे त्या घरांतल्या बायकांना विचारावे. पाहुणा दोन दिवस चालतो आणि ताजातवाना होतो. तीच वाट बारा महिने, भर पावसात, कडेवर मूल घेऊन चालणे वेगळे.

घोडा आणि हातरिक्षा

इथे आपल्या धर्माचा विचार आपोआप समोर येतो. अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार आपण पाठशाळेत शिकतो, त्यात ‘अतिभारारोपण’ हा एक आहे. जिवावर त्याच्या शक्तीपेक्षा जास्त ओझे लादणे. हे अतिचार लिहिले गेले तेव्हा बैल, घोडे, उंट आणि चाकर ओझी वाहत होते. आज आपल्या घरी बैलगाडी नाही, म्हणून हा अतिचार आपल्याला लागूच नाही असे वाटते. माथेरानला गेले की तो समोर उभा असतो.

माथेरानमध्ये चारशेहून अधिक परवानाधारक घोडे आहेत. काही पाहुण्यांसाठी, काही मालवाहतुकीसाठी. बरेचसे घोडेवाले आपल्या घोड्याला जिवापाड जपतात, कारण त्याच्यावर घर चालते. पण चढ चढणाऱ्या घोड्यावर अतिवजनदार माणूस बसतो, ‘पळव, पळव’ म्हणून ओरडतो, तेव्हा दोष नुसत्या घोडेवाल्याच्या पदरी टाकून चालणार नाही.

आणि हातरिक्षा. एक माणूस पुढून ओढायचा, दोघे मागून ढकलायचे आणि आत आपल्यासारखे कोणी बसलेले असायचे. अशा ९४ हातरिक्षांना माथेरानमध्ये परवाने होते. पालखीपासून सुरू झालेली ती गोष्ट एकविसाव्या शतकातही संपली नव्हती. मोटार नको म्हणून राखलेल्या शांततेची सर्वांत जड किंमत या माणसांच्या छातीने आणि गुडघ्यांनी मोजली. जंगल वाचवायचे, पण माणसाला जनावराच्या जागी जुंपायचे, याला करुणा कशी म्हणावी?

हा प्रश्न हातरिक्षा ओढणाऱ्यांनी स्वतःच धसास लावला. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ई-रिक्षांचा प्रयोग करून पाहण्यास परवानगी दिली आणि त्या वर्षाच्या डिसेंबरमध्ये पहिल्या सात ई-रिक्षा माथेरानच्या रस्त्यावर आल्या. शाळेतल्या मुलांना, म्हाताऱ्यांना, आजाऱ्यांना मोठा आधार झाला. घोडेवाल्यांनी विरोध केला. त्यांची भीतीही खोटी नव्हती. आज ई-रिक्षा, उद्या मोटार, मग आमचे काय? पुढे न्यायालयाने ई-रिक्षांची संख्या मर्यादित ठेवली आणि त्या हातरिक्षा ओढणाऱ्यांनाच मिळाव्यात असे सांगितले. ६ ऑगस्ट २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने माणसाने माणसाला ओढण्याची ही प्रथा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. स्वातंत्र्याला इतकी वर्षे होऊनही ही प्रथा चालू राहणे माणसाच्या प्रतिष्ठेला धरून नाही, असा त्या निकालाचा आशय होता. पैसा नाही ही सबब चालणार नाही, हेही सरकारला बजावले. त्याच निकालात रस्त्यांचाही विचार होता. दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर मातीचे पेव्हर ब्लॉक चालतील, आतल्या वाटा आणि रानातल्या पायवाटा मात्र तशाच राहतील.

मला हा निकाल महत्त्वाचा वाटतो तो एका कारणासाठी. शांतता की माणुसकी, यांतले एकच मिळेल, असे आजवर आपण धरून चाललो होतो. आवाज आणि धूर न करणारी, मोजक्या संख्येची गाडी, आणि तीही ज्याने आयुष्यभर ओझे ओढले त्याच्याच हाती. यात झाड, घोडा आणि माणूस तिघांचाही विचार होऊ शकतो. आता घोडेवाल्यांचे पोटही याच विचारात धरले पाहिजे. त्यांच्या मालाच्या फेऱ्या, त्यांची मुले, त्यांच्या घोड्यांचे म्हातारपण. एकाची करुणा दुसऱ्याची उपासमार होऊ नये.

जाताना एवढे करावे

माथेरानला जरूर जा. उन्हाळ्यात जा, दिवाळीनंतर तर फारच छान. पण जाताना आणि तिथे असताना काही गोष्टी घरच्यासारख्या पाळाव्यात.

सामान कमी न्यावे. दोन दिवसांसाठी चार मोठ्या बॅगा नेल्या, की त्या उचलणारा हमाल आपणच शोधतो आणि मग त्याच्याशी वीस रुपयांसाठी घासाघीस करतो. स्वतःला उचलता येईल एवढेच घ्यावे. हमाल केलाच तर ठरलेले पैसे हसतमुखाने द्यावेत आणि वाटेत त्याला पाणी विचारावे.

पाय चालत असतील तर पायी जावे. आपले मुनीमहाराज आणि माताजी आयुष्यभर, जमिनीवर नजर ठेवून, पायी विहार करतात. आपल्याला तीन किलोमीटर सावलीतून चालणे जड जाऊ नये. मुलांनाही घोड्याची एक फेरी पुरे. म्हाताऱ्या माणसांनी ई-रिक्षा किंवा छोटी गाडी घ्यावी, त्यात संकोच कसला?

माकडांना खायला देऊ नये. ते पुण्य नव्हे. हातातली पिशवी ओढायची सवय आपणच त्यांना लावली आहे आणि त्याचा त्रास गावातल्या मुलांना होतो. आपला डबा, पाण्याच्या बाटल्या, वेष्टने परत खाली आणावीत, कारण वर टाकलेला कचराही शेवटी कोणाच्या तरी पाठीवरूनच खाली जातो. नळ बंद ठेवावा. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा आपला नियम असेल, तर हॉटेलवाल्याला सकाळीच सांगून ठेवावे, आयत्या वेळी स्वयंपाकघरात धावपळ करायला लावू नये.

पायथ्याच्या वाड्यांतल्या बायका करवंदे, जांभळे, रानातले काही घेऊन वर चढून येतात आणि वाटेच्या कडेला बसतात. ते आपल्या खाण्यातले असेल तर त्यांच्याकडूनच घ्यावे आणि भाव पाडू नये. त्या ज्या वाटेने चढून आल्या, ती मॅलेटसाहेबाच्या पायवाटेपेक्षा जुनी आहे.

आणि गावातल्या एखाद्या आजीशी दोन शब्द बोलावेत. पावसाळ्यापूर्वी घरात काय काय भरून ठेवता, सिलिंडर किती दिवस पुरवता, गाडी बंद असते तेव्हा नातवंडे शाळेत कशी जातात, असे आपल्याच संसारातले प्रश्न विचारावेत. आपण ज्या गावाला शांत म्हणतो, ते रोज कसे जगते, हे तिच्याइतके नीट कोण सांगेल?